पौषातलं वीजबिल आणि डिस्कसची टाकी: वाढलेले युनिट जातात कुठे?

आमच्या घरची वीजबिलं आई सांभाळते. स्वयंपाकघराच्या दारामागे एक वाकवलेली तार लटकते आणि भरलेलं प्रत्येक बिल तिला टोचलेलं असतं, जुन्या किराणा दुकानात असायची तशी. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात तिने ती तारच काढून माझ्या पुढ्यात ठेवली. दिवाळीपर्यंतची बिलं २२० युनिटच्या आसपास आणि हातातलं बिल ३८० चं. आदल्या वर्षीही तेच. फेब्रुवारी सरला की आकडा आपोआप खाली.

मी म्हटलं, "थंडी आहे. गीझर."

"आंघोळीला वरून सोलरचं पाणी येतं," आई म्हणाली. "मग गीझर कोण लावतं, तुझे मासे?"

तिने चेष्टा केली होती, पण उत्तर तेच होतं. ते कबूल करायला मला आणखी महिना लागला. तोवर मी मीटरवर संशय घेतला, फ्रिजच्या दाराचं रबर बदललं, आणि एका ओळखीच्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. मीटर ठीक, फ्रिज ठीक, अर्थिंग ठीक.

ज्यांच्या घरी गरम पाण्याचे मासे आहेत आणि दर हिवाळ्यात असाच तमाशा होतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या मंडळींना हा त्रास फारसा होत नाही. तिथे हीटर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. आम्ही नाशिकचे. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की आमच्या हॉलमध्ये पहाटे २० डिग्री असतं, कधी १९. माझ्या डिस्कस माशांना पाणी हवं असतं २८ ते ३० डिग्रीचं. मधला सगळा फरक विजेने भरून काढायचा.

माझी टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच. खाली कपाटात सम्प, म्हणजे गाळणीची दुसरी छोटी टाकी. दोन्ही मिळून साधारण ३२० लिटर पाणी. सम्पमध्ये १५० वॅटचे दोन हीटर आणि पाणी वर चढवणारा ४० वॅटचा पंप. तुमची टाकी वेगळी असेल, तर खालचे आकडे तसेच्या तसे लागू होणार नाहीत. शोधायची रीत मात्र तीच.

युनिट पावणेदोनपट, रुपये दुप्पट

आधी एक गोष्ट बिलातली. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर चढता. दर बदलत राहतात, म्हणून रुपये इथे देत नाही, तुमच्याच बिलावर बघा. पण वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून हिशेब केला तर ३०० च्या वरचा एक युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळपास अडीचपट पडतो.

टाकीचे युनिट या रांगेत सगळ्यात शेवटी उभे असतात. दिवे, पंखे, फ्रिज, मिक्सर हे घराचे २२० तुम्ही वापरणारच. हीटरचे १६० त्यावर चढतात आणि त्यातले ८० थेट तिसऱ्या टप्प्यात जातात. म्हणून "महिन्याला एवढे युनिट, गुणिले सरासरी दर" असा हिशेब केला की टाकीचा खर्च नेहमी कमी दिसतो. आणि उलट बाजूने, टाकीतून ८० युनिट वाचवले तर सगळ्यात महाग ८० वाचतात. मी जी खटपट केली ती ३०० च्या खाली येण्यासाठी, शून्यावर जाण्यासाठी नाही.

आधी मोजा, मग हात लावा

माझी पहिली चूक अशी की मी न मोजता उपाय करत सुटलो. दुकानदार म्हणाला हीटर जास्त वॅटचा आहे, कमी वॅटचा लावा. ३०० वॅटऐवजी १५० च लावला. पाणी २७ च्या वर जाईना आणि एका माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले.

हीटरवर लिहिलेले वॅट म्हणजे तुमचं बिल नव्हे. गळका रांजण तांब्याने भरा की बादलीने भरा, जेवढं गळतं तेवढंच घालावं लागतं. ३०० वॅटचा हीटर दिवसातून १२ तास चालेल, १५० वॅटचा २४ तास चालेल; दोन्हीकडे ३.६ युनिट. छोटा हीटर घेऊन काही वाचलंच तर ते फक्त पाणी थंड राहिल्यामुळे. त्यामुळे शोधायचा तो गळतीचा पत्ता.

मोजण्यासाठी प्लग आणि सॉकेटच्या मध्ये बसणारा छोटा वीजमापक मिळतो, तो घ्या. हीटर थांबत-थांबत चालतो म्हणून तासाभराचं माप फसवं असतं, पूर्ण २४ तास ठेवा. पहाटेचं आणि दुपारचं गणित वेगळं असतं.

तो घ्यायचा नसेल तर घरच्या मीटरवरचा लाल दिवा कामाला येतो. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती चमका ते छापलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी ३२०० किंवा १६००. टाकीची लाईन सोडून घरातलं सगळं बंद करा आणि दोन चमकांमधले सेकंद मोजा. ३२०० वाला मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे त्या क्षणाचे वॅट. १६०० वाला असेल तर २२५० ला भागा. चमक साडेपाच सेकंदांनी येत असेल तर साधारण २०० वॅट ओढले जाताहेत. मी एकदा पहाटे मोबाईल मीटरसमोर टेकवून अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढला आणि नंतर चहा पीत चमका मोजल्या. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा काय सांगावं सुचेना.

माझं माप आलं दिवसाला ५.६ युनिट, फक्त हीटरचे. १५ लिटरचा गीझर २० वरून ५० डिग्रीपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. म्हणजे आईचं खरं ठरलं, आमचे मासे रोज अकरा वेळा गीझर लावत होते.

सगळ्यात मोठं भोक वर आहे

टाकीतली उष्णता काचेतून जाते हे सगळ्यांना सुचतं. पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून ती किती जाते हे मला माहीत नव्हतं. मातीचा माठ पाणी थंड कसं करतो? पाणी झिरपून उडतं आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. उघडी टाकी म्हणजे चार फुटांचा माठच, आणि आपण त्याला खालून हीटर लावलेला.

आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: १ लिटर पाणी वाफ होऊन उडालं की ते जवळपास ०.६८ युनिट उष्णता नेतं. आमच्याकडे हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. मी रोज सम्पमध्ये दोन-सव्वादोन लिटर पाणी भर घालत होतो आणि "थोडं उडतंच" म्हणून सोडून देत होतो. ते "थोडं" दिवसाला दीड युनिटचं होतं.

म्हणून घरी वीजमापक नसला तरी एक काम आज रात्रीच करता येतं. सम्प नसेल तर काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि उद्या याच वेळी किती मिलिमीटर उतरलं ते बघा. ४ फूट बाय दीड फूट टाकीत १ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या लिटरला जरा जास्त. सम्प असेल तर पातळी वर उतरत नाही, पंपाच्या कप्प्यात उतरते. तिथे भर घातलेले लिटर मोजा.

उपाय काचेचं झाकण. काचवाल्याकडून ५ मिलिमीटर काचेचे दोन तुकडे कापून घेतले, कडा घासून घेतल्या, मागच्या कोपऱ्यात पाइपासाठी आणि पुढे खाऊ घालण्यासाठी खाच. सम्पवर पॉलीकार्बोनेटचा पत्रा, पाइपाभोवती कापून. दिवा झाकणाच्या वर घेतला, कारण आत ठेवला तर बाष्पाने त्याची वाट लागते. झाकणावर क्षारांचे डाग पडतात, ते आठवड्याला व्हिनेगरच्या फडक्याने पुसावे लागतात. हे काम मला आवडत नाही, पण करतो.

प्राणवायूची भीती बऱ्याच जणांना वाटते आणि ती अगदीच खोटी नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण हवाबंद करू नका, कोपऱ्यात दोन-तीन बोटं जागा ठेवा आणि परत येणाऱ्या पाण्याने पृष्ठभाग हलता राहील असा पाइप वळवा. झाकण लावून माझं माप ५.६ वरून ४.२ वर आलं. एकच बदल केला आणि दोन दिवस थांबून मोजलं, म्हणून खात्रीने सांगतो.

थर्माकोल: दिसायला गावठी, कामाला चोख

काच उष्णता अडवत नाही. जाड काच घेऊन फारसा फरक पडत नाही, कारण जो काही अडथळा असतो तो काचेला लागून असलेल्या हवेच्या थराचा. मागची आणि दोन्ही बाजूंची काच मिळून माझ्या टाकीत सव्वा चौरस मीटर होते. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा थर्माकोल बाहेरून बसवला. कोरड्या काचेवर, कडांना टेप लावून. त्या तीन बाजूंनी जाणारी उष्णता साधारण पाचवा हिस्सा उरते.

दिसायला घाण दिसेल म्हणून मी वर्षभर टाळलं होतं. शेवटी काचेवर बाहेरून आधी काळा कागद लावून मग थर्माकोल लावला. मागची काळी बाजू डिस्कसना उलट चांगली दिसते, त्यांचे रंग उठतात. बाजूच्या काचा झाकल्या गेल्या याची हळहळ चार दिवस वाटली. टाकीच्या तळाखाली तुम्ही आधीच थर्माकोलची चादर घातली असेल, बहुतेक जण काच तडकू नये म्हणून घालतात. ती थंडी अडवायचंही काम करते. कपाटाच्या दाराला आतून थर्माकोल लावला तर सम्पलाही ऊब मिळते, पण हीटरच्या आणि पंपाच्या जोडण्या त्यात दाबून बसवू नका, त्यांना मोकळी हवा लागते.

बबल-रॅप चालेल का असं विचारतात. काहीच नसण्यापेक्षा बरं. थर्माकोलच्या जवळपासही नाही.

आता माप २.७ वर आलं.

३१ डिग्री कशाला?

हे अगदीच लाजिरवाणं आहे. हीटरचा काटा मी ३० वर ठेवला होता, कारण पहिले मासे देणाऱ्याने तसं सांगितलं होतं. टाकीवर चिकटवायची रंगीत पट्टी २९ दाखवत होती. घरात ताप मोजायचा जुना काचेचा थर्मामीटर असतो तसा पाण्यात बुडवायचा वेगळा थर्मामीटर आणला, तर पाणी ३१ डिग्री. हीटरचा काटा एक डिग्रीने चुकीचा, आणि बाहेरून चिकटवलेली पट्टी खोलीच्या थंडीमुळे कमी दाखवत होती. दोघांनी मिळून मला फसवलं.

गळती ही आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर चालते. खोली २० आणि पाणी ३१ म्हणजे फरक ११. पाणी २९ वर आणलं की फरक ९. दोन डिग्रीत गळती अठरा टक्क्यांनी कमी, एक रुपया खर्च न करता. मोठे, निरोगी डिस्कस २९ वर मजेत असतात, माझे तर २८.५ वर आहेत. पिल्लं वाढवताना किंवा आजारावर उपचार चालू असताना जास्त ठेवावं लागतं ती गोष्ट वेगळी. रोज अर्धा-अर्धा डिग्री उतरवा, एकदम नको.

आणि सगळ्यांनाच हीटर लागत नाही. गोल्डफिशच्या टाकीत हीटर बघितला की मला त्या माणसाचं बिल बघावंसं वाटतं. झेब्रा डॅनिओ २० डिग्रीच्या आसपास आरामात राहतो. शोभेच्या तीन छोट्या टाक्या आणि तीन हीटर असतील तर गरम पाण्याचे मासे एका मोठ्या टाकीत आणा. छोट्या टाकीत पाणी कमी आणि काच जास्त, म्हणून प्रत्येक लिटरमागे गळती मोठी.

२९ ला माप २ युनिटच्या आसपास थांबलं. महिन्याला १६८ च्या जागी ६०. त्या वर्षी फेब्रुवारीचं बिल २८५ युनिटचं आलं आणि आईने ते काही न बोलता तारेला टोचलं.

आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की संपलं. पुढच्या डिसेंबरात बिल ३६० युनिटचं. झाकण जागच्या जागी, थर्माकोल जागच्या जागी, पाणी २९ ला पक्कं. हीटर मात्र पुन्हा दिवसाला साडेचार युनिट खात होते.

मी पुन्हा हीटरवर संशय घेतला. थर्मोस्टॅट चिकटला असता तर पाणी तापत राहिलं असतं. ते तापत नव्हतं. म्हणजे उष्णता कुठेतरी जात होती. दोन दिवसांनी रात्री कपाटातून गर्रगर्र आवाज आला. पंप हवा ओढत होता, कारण त्याच्या कप्प्यातलं पाणी संपत आलं होतं. एवढं पाणी झाकलेल्या सम्पमधून कसं उडालं? खाली बसून बॅटरी मारली आणि बघितलं, तर कपाटाच्या कोपऱ्यात पंखा चालू.

नाशिकला मे महिन्यात ४० डिग्री होतं. तेव्हा उलट रड असते, पाणी ३२-३३ वर जातं. मी सम्पवर एक छोटा पंखा बसवला होता, तापमान-नियंत्रकाला जोडून. पंखा पाण्यावर वारा घालतो, पाणी उडतं, टाकी दोन-तीन डिग्री उतरते. माठाचंच तत्त्व, या वेळी आपल्या बाजूने. उन्हाळ्यात मी तो २८ वर सुरू व्हावा असा लावला होता. हिवाळ्यात काढायचा विसरलो, आणि सम्पवरचा पत्रा त्याच्यासाठी कापलेला तसाच राहिला.

आता विचार करा. हीटर पाणी २९ वर धरून ठेवतो. पंख्याला सांगितलंय की २८ च्या वर गेलं की चालू हो. पाणी २८ च्या खाली कधी येणारच नाही, म्हणजे पंखा कधी थांबणारच नाही. एक थंड करतोय, दुसरा गरम करतोय, दोघेही आपापलं काम इमानदारीने करताहेत आणि थर्मामीटर बघणाऱ्याला सगळं छान दिसतंय. पंखा स्वतः ५ वॅटचा, त्याची वीज नगण्य. पण त्याने रोज चार लिटरच्या आसपास पाणी उडवलं आणि त्याची भरपाई हीटर करत राहिला.

तुमच्या टाकीचं बिल एक वर्ष सुधारून पुन्हा वाढलं असेल तर सगळ्यात आधी हे बघा. पंखा नसेल तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, बघा. चिलर आणि हीटर वेगवेगळ्या नियंत्रकांवर असतील आणि त्यांच्या आकड्यांत फट नसेल तर हीच भांडणं होतात, आणि त्यात चिलरचीही वीज मोठी जाते. मी आता एकच नियंत्रक ठेवला आहे, ज्याला गरम आणि थंड असे दोन सॉकेट आहेत. हीटर २८.५ ला, पंखा ३१.५ ला. मधल्या तीन डिग्रीत दोघेही गप्प बसतात. नियंत्रकाची तापमान मोजणारी वायर पाण्याबाहेर निसटणार नाही अशी क्लिपने घट्ट बसवा; ती बाहेर पडली तर तिला खोलीची थंडी लागते आणि हीटर मासे शिजेपर्यंत चालतो. याच कारणासाठी ३०० चा एक हीटर न घेता १५० चे दोन घेतले आहेत. एक चिकटला तर पाणी उकळत नाही, एक मेला तर पाणी एकदम गार होत नाही.

पंप बदलून वीज वाचते का?

उन्हाळ्यात वाचते. माझा ४० वॅटचा पंप २४ तास चालून महिन्याला जवळपास २९ युनिट घेत होता. तो बदलून १८ वॅटचा घेतला, १६ युनिट कमी झाले. हिवाळ्यात मात्र तसे वाचत नाहीत. पाण्यात बुडालेला पंप जी वीज घेतो ती अखेर उष्णता बनून पाण्यातच राहते, म्हणजे तोही एक छोटा हीटरच. त्याने दिलेले २२ वॅट काढून घेतले की हीटर तेवढे जास्त देतो. पंप बदलायचा तर फेब्रुवारीनंतर बदला आणि हिवाळ्यातल्या बिलात चमत्कार शोधू नका.

पाणी बदलताना

डिस्कसवाले पाणी फार बदलतात. मी आठवड्यात दोनदा, दर वेळी ८० लिटर. सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ डिग्रीचं असतं. ते २९ वर नेण्यासाठी दर वेळी १ युनिट. रकमेने मोठं नाही, महिन्याला आठ-नऊ युनिट, पण फुकटात वाचतात. गच्चीवर काळ्या ड्रममध्ये पाणी आदल्या दिवशीच भरून, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड सोडून ठेवतो, क्लोरीनही उडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ते कोमट असतं तेव्हा बदलतो. सकाळी सहाला बदलण्याची सवय असेल तर हिवाळ्यापुरती मोडा. सोलरचं गरम पाणी मिसळणारेही आहेत. सपाट काचेच्या जुन्या सोलरमध्ये तांब्याच्या नळ्या असतात, त्यामुळे कोळंबी पाळणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

पाणी काढण्याआधी हीटर बंद करा. दहा मिनिटं थांबा, मग पाणी उतरवा. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर गार पाणी लागताच तडकतो. आणि हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. टाकीच्या लाईनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच, नसेल तर हे सगळं सोडून आधी ते करून घ्या.

रात्री हीटर बंद ठेवायचा सल्ला

हा सल्ला दर वर्षी कुणीतरी देतं. झाकण नसलेली माझी जुनी टाकी आठ तास बंद राहिली असती तर पाणी चार-साडेचार डिग्री उतरलं असतं. एका रात्री वीज अकरा ते सात गेली होती तेव्हा जवळपास तेवढंच उतरलं. सकाळी हीटर ते सगळं पुन्हा भरतो. जी काही बचत होते ती पाणी सरासरीने गार राहिल्यामुळे, म्हणजे काटा दोन डिग्री खाली घेऊन जे मिळतं तेच, पण रोजच्या चढउतारासकट. रोज असे हेलकावे खाणाऱ्या टाकीत पांढरे ठिपके यायला वेळ लागत नाही, आणि त्याच्या औषधाला जे पैसे जातात ते बिलात दिसत नाहीत एवढंच.

झाकण आणि थर्माकोल लावलेली टाकी तेवढ्याच वेळात दोन-सव्वादोन डिग्रीच उतरते. भारनियमनाच्या भागातल्या लोकांना वीज वाचो न वाचो, याच एका कारणासाठी मी थर्माकोल लावायला सांगतो.

उरलेली एक बाजू

आता माझ्या टाकीची समोरची काच उघडी आहे आणि उरलेल्या गळतीतला मोठा वाटा तिचाच. ती दिवसा झाकली तर मासे पाळायचे कशाला. गेल्या डिसेंबरात एका रात्री पाणी प्यायला उठलो तर टाकीच्या पुढे आईची जुनी गोधडी लटकत होती, वर झाकणावर दोन वजनी डबे ठेवून. मी मापक लावून बघितलं. रात्रीचे दहा तास गोधडी, पाव युनिट कमी. महिन्याला सात-आठ.

डबे काढून आता लाकडी पट्टीला खिळे मारून दोन हूक केलेत, कारण झाकणाच्या काचेवर वजन ठेवणं बरं नव्हे. गोधडीचं टोक खाचेतून आत जाऊ देऊ नका. आमचं एकदा गेलं. सुती कापड पाणी वर ओढून बाहेर सोडतं. सकाळी हॉलमध्ये चार लिटर पाणी होतं आणि पंप पुन्हा गर्रगर्र करत होता.